मामा, परत एकदा चालत या

लग्नाचा मुहूर्त गुरुजी काढतात हा समज आता जुना झाला. नवी मुंबईत तो व्हिडिओवाला काढतो. गुरुजींनी पंचांग बघून दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांची वेळ दिली की व्हिडिओवाला नाराजीने मान हलवतो. "सर, साडेबारा म्हणजे टॉप लाइट. सगळ्यांच्या डोळ्यांखाली काळं दिसणार. संध्याकाळचं काही जमतंय का बघा ना, गोल्डन अवर." मग मुलीचे वडील गुरुजींना फोन लावतात आणि ओशाळल्या आवाजात विचारतात, "गोरज मिळेल का हो?" गुरू-शुक्राची समजूत घालता येते, लेन्सची येत नाही. एवढं करून लग्न लागतं ते खिडकी नसलेल्या वातानुकूलित हॉलमध्ये, जिथे भरदुपार आणि मध्यरात्र यांत काडीचा फरक नसतो.

माझ्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा व्हिडिओवाला शोधायचं काम माझ्याकडे आलं. लग्नात मामाला दोन खाती मिळतात: मुलीला बोहल्यावर आणणं आणि जे काम दुसरं कुणी घेत नाही ते करणं. हे दुसऱ्या खात्यातलं. ताई आणि दाजी नेरूळला राहतात. दाजींचा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात गाळा आहे. मुलगा करावे गावातल्या आगरी घरातला. दोघं ऐरोलीतल्या एका कंपनीत. म्हणजे एका बाजूला साताऱ्याहून आलेलं सेक्टरातलं कुटुंब, दुसऱ्या बाजूला सिडको यायच्या आधीपासून खाडीकाठी राहिलेलं गाव. या दोघांना एकाच चौकटीत बसवणारा माणूस हवा होता.

पहिली अडचण तारखेची. तुळशीचं लग्न झालं की माणसांची सुरू होतात आणि दाट तिथीला वाशीपासून पनवेलपर्यंत एकही हॉल मोकळा नसतो. सगळ्यांची लग्नं त्याच दिवशी असल्याने व्हिडिओवालेही त्याच दिवशी हवे असतात. यावर या धंद्याने काढलेला तोडगा असा की स्टुडिओ एकाच तारखेची सगळी कामं घेतो आणि माणसं बाहेरून आणतो. ऑफिसात आपल्याशी बोलतो तो शेंडीवाला, कॉफी पाजणारा, 'फ्रेम' या शब्दाशिवाय वाक्य न संपवणारा गृहस्थ. लग्नात येतो तो आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर लोकेशन मिळालेला मुलगा, ज्याला नवरी कोणती हे शालूवरून ओळखावं लागतं.

दुसरी अडचण, सगळ्यांचं काम सारखंच सुंदर. कुठल्याही स्टुडिओत गेलो तरी मोठ्या टीव्हीवर तीच फिल्म. आधी हँगरला टांगलेला घागरा, मग अत्तराची बाटली, मग नवऱ्याचे बूट, मग खिडकीशी उभं राहून, खाली जणू स्वित्झर्लंड असल्यासारखं बघणारी नवरी. (खाली बहुधा पार्किंग असतं.) मग आई डोळे पुसते. मग माणसं हळूहळू हसतात, हळूहळू वळतात, हळूहळू टाळ्या वाजवतात. ११ डिसेंबर २०१७ला विराट-अनुष्काचं लग्न इटलीत टस्कनीमध्ये झालं आणि त्याची फिल्म देशभर फिरली, तेव्हापासून फिकट गुलाबी रंगाने आपल्याकडच्या हिरव्या चुड्याचा आणि पिवळ्या शालूचा पिच्छा पुरवला आहे. कोपरखैरण्याच्या हॉलमध्ये टस्कनीचा प्रकाश आणून देतो असं सांगणारा एकजण आम्हाला भेटला. दाजींनी त्याला फक्त लाइटबिल कोण भरणार ते विचारलं.

शेवटी एका ठिकाणी बैठक रंगात आली. शेंडीवाल्याने वही उघडली आणि भाचीला म्हणाला, "मॅम, तुमची स्टोरी सांगा."

"कसली स्टोरी?"

"म्हणजे भेटलात कसे? फर्स्ट मोमेंट."

भाची आणि होणारा जावई एकमेकांकडे बघायला लागले. खरं होतं ते असं: तिच्या लॅपटॉपचा पासवर्ड अडकला, तिने सपोर्टकडे तक्रार नोंदवली, तो सपोर्टमध्ये, त्याने ती निकालात काढली. त्यानंतर तिचा पासवर्ड वरचेवर अडकायला लागला.

शेंडीवाल्याने पेन खाली ठेवलं. "यात पाऊस आणता येईल का?"

आणि मग पॅकेज. ही विद्या मी दाजींच्या शेजारी बसून शिकलो. कागदावर वरती एक देखणा आकडा होता. दाजींनी तो बघितलाच नाही. त्यांनी कागद उलटा केला. मागे बारीक अक्षरात ड्रोन वेगळा, क्रेन वेगळी, हॉलमधली एलईडी वॉल वेगळी, रील काढणारी मुलगी वेगळी, प्रवास वेगळा, हार्ड डिस्क ग्राहकाने आणायची आणि वर १८ टक्के जीएसटी. "म्हणजे माल एवढ्याचा," दाजी म्हणाले, "आणि हमाली, तोलाई, वाराई निराळी." आयुष्यभर मार्केटात बसलेल्या माणसासमोर पॅकेजचा मागचा भाग लपत नाही.

त्या कागदावर दोन शब्द पुन्हा पुन्हा येत होते, 'ट्रॅडिशनल' आणि 'सिनेमॅटिक'. दोन्ही घ्यायचे, दोन्हींची माणसं वेगळी, पैसे वेगळे. एकाच लग्नाचं दोनदा शूटिंग कशाला, असं मी विचारलं, तेव्हा शेंडीवाल्याच्या आधी ताईनेच उत्तर दिलं. "ते तुमचं सिनेमावालं तिच्यासाठी. मला साधं हवं. कोण आलं, कोण नाही, ते दिसायला हवं."

माझ्या मते सगळा मामला या एका वाक्यात आहे. लग्नाची फिल्म नवरा-नवरीसाठी असते हा स्टुडिओवाल्यांनी पसरवलेला गैरसमज आहे. नवरा-नवरी ती एकदा बघतात, तीही फोनवर. खरा प्रेक्षक म्हणजे घरातली बाई, जी लग्नाच्या दिवशी इतकी धावपळीत असते की तिला लग्न दिसतच नाही. तिला ते नंतर, पाय वर घेऊन, थांबवत थांबवत बघायचं असतं. धाकट्या नणंदेने आपण दिलेलीच साडी नेसली होती का? कराडचे काका जेवून गेले की तसेच? विहिणीचा चेहरा सूनमुखाच्या वेळी असा का होता? साधा व्हिडिओ म्हणजे हजेरीपट. त्याला कला लागत नाही, सबुरी लागते. चार मिनिटांच्या सिनेमॅटिक फिल्ममध्ये दोनच माणसं असतात आणि मागे सूर्य मावळत असतो. कराडचे काका त्यात धूसर झालेले असतात.

हजेरीपटाची परंपरा मोठी आहे. ज्यांची लग्नं व्हीएचएसच्या काळात झाली त्यांना आठवत असेल: खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक माणूस, त्याच्यामागे हॅलोजनचा दिवा उंच धरलेला एक पोरगा, आणि त्या पोराच्या मागे वायर सोडवणारा आणखी एक. दिव्याच्या धगीने मुंडावळ्या मरगळत आणि गुरुजींना अग्नी आधीच प्रज्वलित झाल्याचा भास होई. हा माणूस पंगतीत शिरला की एकेका ताटासमोर थांबे. ज्याच्यावर उजेड पडला त्याचा घास गालात अडके, तो हसू की चावू या पेचात पडे. शेजारची बाई पदर सावरून वरणाकडे बघत बसे. सुरुवातीला फिरत येणारा गणपती, गुलाबाच्या फुलात नवऱ्याचं तोंड, बदामात नवरी. हसू येईल असंच होतं ते. पण तीन तासांच्या त्या कॅसेटमध्ये लग्नाला आलेला एकही माणूस सुटलेला नसे, हेही तितकंच खरं.

आमचं ठरलं ते असं: सिनेमॅटिकला शेंडीवाला, आणि साध्या शूटिंगला करावे गावातला एक मुलगा, जो मुलाकडच्यांच्या ओळखीचा होता. त्याच्याकडे शेंडी नव्हती, ऑफिस नव्हतं, कॉफी तर नव्हतीच. त्याने आल्या आल्या ताईला "काकी" म्हटलं आणि विचारलं, "तुमच्यात कानपिळीला मुलीचा सख्खा भाऊ बसतो का मावसभाऊ? आधी सांगा, म्हणजे मी त्याच्यामागे राहीन." शेंडीवाल्याने कानपिळी हा शब्द वहीत लिहून घेतला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

प्री-वेडिंग मात्र शेंडीवाल्याचं. त्याला फ्लेमिंगो हवे होते. हिवाळ्यापासून मेपर्यंत हे गुलाबी पाहुणे ठाण्याच्या खाडीत असतात, आणि भरतीच्या वेळी खाडीचा चिखल पाण्याखाली गेला की सीवूड्सच्या डीपीएस तळ्यावर आणि करावेजवळच्या टी. एस. चाणक्यच्या पाणथळीवर येऊन उतरतात. म्हणजे आता मुहूर्ताला ग्रह, उजेड आणि भरती असे तीन मालक झाले. शेंडीवाला फोनमध्ये भरतीचं अॅप शोधत बसला. मुलाच्या आजोबांनी, ज्यांचं तारुण्य खाडीत मासे धरण्यात गेलं, तो फोन बाजूला सारला. "पुनवेला, अवसेला भरती दुपारी बाराच्या सुमाराला. पुढे रोज पाऊण तास उशिरा. अष्टमी धरा, सहाला पाणी भरतंय." हिशेब चोख. अष्टमीला संध्याकाळी भरती, तीच वेळ गोल्डन अवरची. ज्या माणसाने आयुष्यात 'गोल्डन अवर' हा शब्द ऐकला नव्हता त्याने तो बोटांवर काढून दिला.

अष्टमीला आम्ही तळ्याकाठी. भाचीच्या अंगावर सात मीटर शेपटीचा गाऊन, शेपटी धरायला मी. पक्षी आले, ऊन आलं, सगळं जुळलं, आणि शेंडीवाल्याने ड्रोन सोडला. त्या घरघरीने सगळा थवा उठला आणि समोर नुसतं पाणी उरलं. काठावर रोज पक्षी टिपायला येणारे सीवूड्सचे रहिवासी होते, त्यांच्या लेन्स शेंडीवाल्याच्या लेन्सच्या दुप्पट लांबीच्या. ते जे बोलले ते कुठल्याच फिल्ममध्ये घालण्यासारखं नव्हतं. महापालिकेने शहरात ठिकठिकाणी फ्लेमिंगोचे पुतळे उभे केले आहेत ते कशासाठी, हे मला त्या संध्याकाळी कळलं. पुतळे उडत नाहीत. भाचीच्या फिल्ममधले दोन फ्लेमिंगो त्यातले आहेत.

शेंडीवाल्याची पुढची इच्छा अटल सेतू. १२ जानेवारी २०२४ला या २१.८ किलोमीटरच्या पुलाचं उद्घाटन झालं आणि पहिल्याच दिवसांत लोक गाड्या उभ्या करून कठड्याशी फोटो काढायला लागले, तेव्हा पोलिसांना दंड करत फिरावं लागलं. पुलावर थांबायला मनाईच आहे. शेंडीवाला म्हणाला, थांबायचं नाही, मॅमनी नुसतं सनरूफमधून वर यायचं. दाजींनी एकेरी टोल २५० रुपये, परतीचं धरून ३७५, दंड निराळा, आणि मुलगी एकच, असा हिशेब मांडला. तो विषय तिथेच संपला.

ड्रोनबद्दल मात्र एक सांगायला हवं, कारण आमच्या वेळी नवी मुंबईचा विमानतळ सुरू व्हायचा होता. आता २५ डिसेंबर २०२५पासून तिथून विमानं उडतात. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, असं २०२१चे ड्रोन नियम सांगतात. उलवे, बेलापूर, पनवेल सगळं त्यात आलं. शिवाय फेब्रुवारी २०२२पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, तरी प्रत्येक लग्नात परदेशी ड्रोन असतोच. कुठून आणला, असं विचारलं तर "भाऊ दुबईला असतो" असं उत्तर येतं. यांचे इतके भाऊ दुबईला आहेत की इथे लग्नाला कोण येतं, हा प्रश्न पडावा.

हळद करावे गावात होती. शेंडीवाल्याची माणसं चार वाजता आली, मुलाला काळा चष्मा घालायला लावला, फुलं उधळून घेतली आणि 'हळद झाली' म्हणाली. हळद रात्री सुरू झाली. आगरी लग्नात धवलारीण असते. वयस्कर बाई, सगळे विधी तिला पाठ, प्रत्येक विधीचा धवला तिच्या गळ्यात. लग्नात धवळे गाण्याची ही चाल किती जुनी, तर तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या लीळेत श्रीकृष्ण-रुक्मिणीचे धवळे रचले, ते मराठीतल्या आद्य काव्यांत मोजले जातात. त्या लग्नाचं शूटिंग नाही, तरी ते राहिलं आहे.

धवलारीण गात होती आणि शेंडीवाल्याच्या टीममधला एकजण पुढे होऊन म्हणाला, "आजी, जरा थांबता का? बॅकग्राउंडला आवाज येतोय."

आजींनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "लगीन तुजा हाय का?" आणि पुढची ओळ उचलली.

गावातला मुलगा तोवर काय करत होता? त्याने स्वतःचा फोन रेकॉर्डिंगला लावून आजींच्या पाटाशेजारी, तांदळाच्या सुपाला टेकून ठेवला होता. बस्स. रात्रभर.

लग्नाच्या दिवशी दोन्ही टीम समोरासमोर आल्या. व्यासपीठावर नवरा-नवरीच्या भोवती इतके कॅमेरे, दिवे आणि गिंबल की समोर बसलेल्या पाहुण्यांना फक्त काळ्या टी-शर्टांच्या पाठी दिसत होत्या. लग्न बघायचं तर हॉलमधल्या एलईडी वॉलवर. म्हणजे गावाकडून गाडी करून आलेल्या माणसांनी इथे येऊन टीव्हीच बघितला. क्रेन आज्यांच्या अंबाड्यांवरून फिरत होती. मंगलाष्टकं संपली, अक्षता उडाल्या, त्यातल्या निम्म्या व्हिडिओवाल्यांच्या पाठीवर. त्या हिशेबाने त्या मुलांची आतापर्यंत शंभरेक लग्नं लागली असावीत.

त्याआधी माझा प्रसंग. भाचीला घेऊन मी बोहल्याकडे निघालो, डोळे भरून आले, घसा दाटला, आणि शेंडीवाल्याच्या टीममधला मुलगा ओरडला, "मामा, परत एकदा चालत या. फोकस गेला." परत आलो. "आता कॅमेऱ्याकडे बघू नका." पुन्हा आलो. "आता जरा इमोशनल व्हा ना, मघाशी झाला होतात तसे." शेवटच्या खेपेला भाचीच मला धरून चालवत होती. अंतरपाट दूर झाल्यावर त्याने गुरुजींनाही 'सावधान' पुन्हा एकदा म्हणायला सांगितलं. गुरुजी शांतपणे म्हणाले, "बाळ, पुन्हा म्हटलं तर पुन्हा लग्न लागेल. दक्षिणा वेगळी." कानपिळीच्या वेळी शेंडीवाल्याची सगळी टीम बाहेर बूट टिपत होती. गावातला मुलगा ठरल्याप्रमाणे भावाच्या मागे उभा होता.

मग वाट बघणं. त्या मुलाने पंधरवड्यात पेनड्राइव्ह आणून दिला. ताईने तीन रात्री थांबवत थांबवत पाहिला आणि तीन नातेवाइकांशी बोलणं कमी केलं. शेंडीवाल्याची फिल्म 'एडिटवर' होती. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' साधारण सात महिन्यांत पुरा केला. त्या काळी तारामती करायला बाई मिळाली नाही, साळुंके नावाच्या तरुणाला उभं केलं. फिल्मला भोकं पाडण्यापासून सगळ्या मंडळींच्या जेवणापर्यंतचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी पाहिलं. आणि ३ मे १९१३ला कोरोनेशन सिनेमात चित्रपट लागला. आमच्या चार मिनिटांना त्याहून जास्त वेळ लागला, आणि आमच्याकडे नवरी खरी होती. मधल्या काळात भाचीची दृश्यं स्टुडिओच्या इन्स्टाग्रामवर जाहिरात म्हणून फिरत होती. कॉपीराइट कायद्याचं १७वं कलम म्हणतं की मोबदला देऊन करवून घेतलेल्या फोटोचा नि फिल्मचा पहिला मालक पैसे देणाराच, वेगळा करार नसेल तर. तो वेगळा करार पॅकेजच्या मागे, हार्ड डिस्कच्या ओळीखाली होता. दाजींचाही चष्मा तिथवर पोचला नव्हता.

फिल्म आली. घागरा, अत्तर, बूट, खिडकी, पुतळे. वर एक गाजलेलं हिंदी गाणं. लग्नसमारंभात गाणी वाजवायला कायद्याची मोकळीक आहे; तेच गाणं फिल्मला जोडून यूट्यूबवर चढवायला नाही. चढवल्यावर आवाज बंद झाला. गाण्याखाली दुसरा आवाज ठेवलेलाच नव्हता, मंगलाष्टकं नाहीत, धवले नाहीत. 'राजा हरिश्चंद्र'प्रमाणे तोही मूकपट निघाला.

तेव्हा तुमच्या घरी कार्य निघालं असेल तर व्हिडिओवाल्याकडे कॅमेरा कोणता हे विचारू नका. तो चांगलाच असतो. लग्नाला तो स्वतः येणार का, हे विचारा आणि त्याचं नाव कागदावर घ्या. कानपिळी कधी असते ते विचारा. विधींचा मूळ आवाज वेगळा मिळेल का ते विचारा. कागद मागून वाचायला सुरुवात करा. आणि केटररला ताटांचा आकडा सांगताना ही मुलं त्यात धरा, कारण कुणीच धरत नाही. सकाळी सहापासून उभी असतात. पहिल्या पंगतीला ती बसू शकत नाहीत, पंगतीचं शूटिंग त्यांनाच करायचं असतं. पण दुसऱ्या पंगतीला, जिलेबी संपायच्या आत, त्यांना आठवणीने जेवायला बसवा.